प्रश्न नको, कागद मागा : स्थानिक सरकारी दप्तरातली नोंद मिळवायची कशी?

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायद्याचे नियम जाहीर केले आणि त्याच वेळी माहिती अधिकार कायद्यातले एक पोटकलमही बदलले. बदल एका ओळीचा होता, पण गावोगाव पोचला तो ‘आरटीआय संपला’ या शीर्षकाखाली. तेव्हापासून ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या टेबलावर अर्ज ठेवला की ‘आता असली माहिती देता येत नाही’ हे उत्तर मिळणे आणखी सोपे झाले आहे.

या बदलाने नेमके काय बिघडले ते पुढे येईलच. पण रस्त्याचे बिल, ग्रामसभेचे इतिवृत्त, शेजारच्या इमारतीचा मंजूर नकाशा, आजोबांच्या नावचा जुना फेरफार, या कागदांना त्याने हात लावलेला नाही. ते मिळत नाहीत त्याची कारणे जुनीच आहेत. एक म्हणजे आपण चुकीच्या टेबलावर जातो. दुसरे म्हणजे जिथे कागद मागायचा तिथे आपण जाब विचारतो. या दुसऱ्या सवयीने जेवढे अर्ज वाया जातात तेवढे कायद्यातल्या पळवाटांनीही जात नसतील.

कुठला कागद कुणाच्या कपाटात

‘सरकारी कार्यालय’ असे एकच कार्यालय नसते. एकाच जमिनीच्या तुकड्याचे कागद चार ठिकाणी असतात. सातबारा आणि आठ-अ तलाठ्याकडे (२०२४ पासून या पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले आहे). जुने फेरफार आणि हक्कनोंदी तहसीलच्या अभिलेख कक्षात. मोजणीचा नकाशा आणि शहरातले प्रॉपर्टी कार्ड भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे. घर गावठाणात असेल तर त्याची कर आकारणी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये. यातल्या कुणालाही दुसऱ्याचा कागद देता येत नाही, आणि ‘इथे नाही, तिकडे जा’ हे उत्तर दर वेळी टाळाटाळच असते असे नाही.

ग्रामपंचायतीपुरते बोलायचे तर तिचे हिशेब ठरलेल्या नमुन्यांतच ठेवावे लागतात. रोज आलेला आणि गेलेला पैसा नमुना ५ च्या रोकड वहीत, घरांची आकारणी नमुना ८ मध्ये, कराची मागणी नमुना ९ मध्ये. ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) बदलतात, सरपंच बदलतात, नमुन्यांचे आकडे मात्र तेच राहतात. म्हणून नमुन्याचा आकडा माहीत असणे फार उपयोगाचे. ‘गावाच्या पैशांचा हिशेब द्या’ म्हटले की समोरचा माणूस हसतो. ‘नमुना ५ ची एप्रिल ते मार्चची पाने द्या’ म्हटले की त्याला खुर्चीवरून उठावे लागते.

बँकेत गेल्यावर आपण ‘माझे पैसे कुठे गेले हो?’ असे विचारत बसत नाही. पासबुक भरून घेतो, मग कुठली ओळ खटकते ते बघतो. दप्तराशीही तसेच वागायचे. आधी नोंद हातात घ्यायची, शंका नंतर.

अर्ज न करताही बरेच मिळते

माहिती अधिकाराचा अर्ज हे पहिले हत्यार नव्हे. त्यात महिना जातो, आणि अनेक कागदांना त्याहून जवळची वाट असते.

सातबारा, आठ-अ आणि प्रॉपर्टी कार्ड महाभूलेखच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. तो उतारा फक्त पाहण्यापुरता. बँकेत किंवा कोर्टात चालणारा, डिजिटल सहीचा सातबारा हवा असेल तर १५ रुपये भरून उतरवून घेता येतो. नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा, ज्याला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमध्ये शोधता येतो. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि वित्त आयोगाच्या पैशांतून झालेला खर्च ई-ग्रामस्वराज या केंद्राच्या पोर्टलवर दिसतो. आपल्या गावाचे नाव टाकून तो एकदा उघडून बघाच. न झालेली कामे तिथे पूर्ण झालेली दिसली, तर पुढचा अर्ज कशाबद्दल करायचा हे तिथेच ठरते.

जन्म-मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला या सेवा आहेत, माहिती नव्हे. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. प्रत्येक सेवेला किती दिवस लागतील ते त्याखाली जाहीर केलेले असते, आणि मुदत हुकली तर अपीलही त्याच कायद्याने करायचे असते. दाखल्यासाठी आरटीआय टाकणारे लोक मी खूप पाहिले आहेत. त्यातून फार तर ‘दाखला प्रक्रियेत आहे’ एवढी माहिती मिळते, दाखला नाही.

जुन्या नोंदींची गोष्ट वेगळी आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि वर्षानुवर्षे कुणी न उघडलेले रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) तहसिलींमध्ये उघडले गेले. गाव नमुना १४, म्हणजे गावची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे, मराठवाड्यातली खासरा पाहणी पत्रके हे शब्द तोवर वकिलांनाच ठाऊक होते, ते चहाच्या टपरीवर आले. पण जुन्या कागदाची गरज एका समाजापुरती नाही. जात पडताळणीत अनुसूचित जातींना १९५० च्या, विमुक्त-भटक्यांना १९६१ च्या आणि इतर मागास वर्गांना १९६७ च्या आधीचे वास्तव्य आणि पुरावे दाखवावे लागतात. आजोबा-पणजोबांची नोंद कुठल्या ना कुठल्या दप्तरात शोधणे सगळ्यांनाच भाग आहे.

यासाठी सरळ मार्ग नकलेच्या अर्जाचा. महसुली कागदांची तपासणी, शोध आणि नकला यांसाठी १९७० पासून स्वतंत्र नियम आहेत. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव, सर्व्हे नंबर किंवा नाव आणि अंदाजे वर्ष लिहून अर्ज द्यायचा, शोध फी आणि नकलेची फी भरायची. मिळणारी नकल प्रमाणित असते, म्हणून ती पुराव्यात चालते. नोंद मोडीत किंवा उर्दूत निघाली तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते. त्याचा वेळ वेगळा धरा.

शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधी अभिलेख कक्षात जाणाऱ्याला कुठलाच कायदा वाचवू शकत नाही, हे जाता जाता.

सोमवारी तीन ते पाच

राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने २६ नोव्हेंबर २०१८ रोजी एक परिपत्रक काढले. महापालिका, जिल्हा परिषदा यांसारख्या स्थानिक संस्था आणि जिल्हा पातळीवरची कार्यालये यांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी, असे त्यात आहे. ही कल्पना मुळात पुणे महापालिकेत आधी राबवली गेली होती.

ही सोय जवळपास फुकट वाया जाते. कुणी सोमवारी गेलेच, तर टेबलावरच्या माणसाला परिपत्रक माहीत नसते, म्हणून त्याची प्रत खिशात असलेली बरी. फायदा असा की जी नस्ती (म्हणजे फाइल) आपण कधी पाहिलेलीच नाही तिच्यात काय काय असते ते कळते. मग अर्जात ‘सर्व संबंधित कागदपत्रे’ असे मोघम लिहावे लागत नाही. पान क्रमांक लिहिता येतो.

गावच्या कार्यालयात सोमवार पाळला जात नसेल तरी हरकत नाही. कागद प्रत्यक्ष पाहणे हा माहिती अधिकार कायद्याच्या व्याख्येतच बसलेला हक्क आहे. अर्जात ‘मला अमुक नस्तीची पाहणी करायची आहे, तारीख व वेळ कळवावी’ असे लिहिता येते. पहिल्या तासाला शुल्क नाही, पुढे नाममात्र आहे. पाहणी करताना टिपणे काढता येतात.

कायदा काय देतो आणि काय देत नाही

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चा, लागू झाला त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला. महाराष्ट्राला तो नवा नव्हता. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या दबावातून राज्याने त्याआधीच स्वतःचा कायदा केला होता. या मागणीची सुरुवात मात्र राजस्थानातल्या मजुरांनी केली. दुष्काळी कामांच्या हजेरीपटावर मेलेल्या आणि गावात नसलेल्या माणसांची नावे मजुरी घेत होती, आणि मजदूर किसान शक्ती संघटनेने ते पट जनसुनावणीत मोठ्याने वाचायला सुरुवात केली. त्यांनी कुणाला ‘भ्रष्टाचार का केला?’ असे विचारले नाही. हजेरीपट मागितला.

कायद्याची घडणही तशीच आहे. ‘माहिती’ म्हणजे कार्यालयाकडे कोणत्याही रूपात असलेली सामग्री : कागद, टिपणी, आदेश, करार, अहवाल, नोंदवही, ईमेल, नमुने. जे आहे ते मिळेल. जे नाही ते तुमच्यासाठी तयार करून देण्याचे बंधन कार्यालयावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये परीक्षेच्या उत्तरपत्रिकांबाबतच्या निकालात हे स्पष्ट केले. उत्तरपत्रिका दाखवा, असे त्याने मंडळाला सांगितले. पण अधिकाऱ्याने अर्जदारासाठी मत बनवावे, अर्थ लावावा, नवी आकडेमोड करावी अशी अपेक्षा धरता येत नाही, असेही बजावले.

म्हणून ‘का’ने सुरू होणारा अर्ज जवळजवळ नेहमी हरतो. गावातल्या एका काँक्रीट रस्त्याचे उदाहरण घेऊ. वर्ष झाले नाही आणि रस्ता उखडला. मनात येणारा अर्ज असा असतो : ‘सदर रस्ता निकृष्ट का झाला, याला जबाबदार कोण, ठेकेदारावर काय कारवाई करणार?’ तिन्ही प्रश्न रास्त, आणि तिन्हींची उत्तरे कुठल्याही नस्तीत लिहिलेली नाहीत. जन माहिती अधिकारी (म्हणजे अर्जांना उत्तर देण्यासाठी नेमलेला त्या कार्यालयातला अधिकारी) निवांतपणे लिहितो : ‘प्रश्नार्थक माहिती, सबब देता येत नाही.’

आता तोच रस्ता कागदांनी पाहू. काम होण्याआधी अंदाजपत्रक बनते. त्यात लांबी, रुंदी, थराची जाडी आणि प्रत्येक बाबीचा दर असतो. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता. मग निविदा किंवा दरपत्रके, त्यांचा तुलनात्मक तक्ता आणि कार्यादेश. काम चालू असताना अभियंता मोजमाप पुस्तिकेत, जिला सगळे ‘एमबी’ म्हणतात, प्रत्यक्ष मोजमाप लिहितो. ठेकेदाराचे बिल त्या पुस्तिकेवरून निघते. शेवटी गुणवत्ता चाचणीचा अहवाल, पूर्णत्वाचा दाखला आणि देयकाचे प्रमाणक (व्हाउचर).

या साखळीतले दोनच कागद शेजारी ठेवले, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका, आणि हातात मोजपट्टी घेतली, की ‘का’चे उत्तर आपले आपण मिळते. पुस्तिकेत जाडी १५ सेंटिमीटर लिहिली असेल आणि उखडलेल्या कडेला ती ९ दिसत असेल, तर कुणाला काही विचारायचे उरत नाही. आणखी एक तरतूद फारशी कुणी वापरत नाही : बांधकामात वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना मागण्याचाही हक्क कायद्यात आहे.

अर्ज मग असा होतो : ‘मौजे अमुक येथील तमुक रस्त्याच्या, सन अमुकमध्ये झालेल्या काँक्रिटीकरण कामाच्या पुढील कागदांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात : १. मंजूर अंदाजपत्रक, २. कार्यादेश, ३. मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, ४. अंतिम देयक व प्रमाणक, ५. गुणवत्ता चाचणी अहवाल.’ राग नाही, विशेषणे नाहीत. अशा अर्जाला ‘प्रश्नार्थक’ म्हणायला जागाच राहत नाही. पाचपैकी एखादा कागद अस्तित्वातच नाही असे लेखी उत्तर आले, तर तेही मोठे हाती लागले समजा. चाचणी अहवालच नसताना बिल निघाले, हे कार्यालयाने स्वतःच्या शिक्क्याने सांगितलेले असते.

कार्यालयाने जे कारण लिहून ठेवलेच आहे तेही मिळते, फक्त ‘का’ न म्हणता. ‘माझा बांधकाम परवाना का नाकारला?’ याऐवजी ‘माझ्या अमुक दिनांकाच्या अर्जाच्या नस्तीतील टिपणी पृष्ठे व त्यावरील अधिकाऱ्यांचे शेरे द्यावेत’ असे मागावे. कुणाच्या टेबलावर किती दिवस नस्ती पडून होती ते तारखांसकट दिसते. तुंबलेली कामे या एका अर्जाने अनेकदा हलतात, कारण टिपणीच्या कोऱ्या पानाची प्रत द्यायला कुणालाच आवडत नाही.

अर्जाचा व्यवहार

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र ‘अ’च्या नमुन्यात करायचा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, मात्र तसा पुरावा जोडावा लागतो. मराठीत लिहा. माहिती कशासाठी हवी हे सांगावे लागत नाही, आणि कुणी विचारले तरी लिहू नका. राज्याच्या नियमांत २०१२ पासून दोन बंधने आली आहेत : एका अर्जात एकच विषय, आणि साधारण १५० शब्दांपर्यंत मजकूर. कागद नावाने मागणाऱ्याला दीडशे शब्द पुरून उरतात. हे बंधन जाचते ते निबंध लिहिणाऱ्यांना.

राज्याचे आरटीआय ऑनलाइन पोर्टलही आहे, पण गावपातळीवरचे प्रत्येक कार्यालय त्यावर सापडेलच असे नाही. तेव्हा हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी किंवा स्पीड पोस्टाने पाठवावे. पोच म्हणजे तारीख, सही, शिक्का आणि जमल्यास आवक क्रमांक. तोंडी ‘ठेवून जा, बघतो’ला काही किंमत नाही.

अर्ज चुकीच्या कार्यालयात पडला तर तो परत करायचा नसतो. पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवून तसे अर्जदाराला कळवायचे, हे अधिकाऱ्याचे काम. उत्तराची मुदत ३० दिवस. माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. प्रतींचे पानामागे २ रुपये पडतात.

इथे एक जुना डाव ओळखून ठेवा. एकोणतिसाव्या दिवशी पत्र येते : ‘आपली माहिती ७०० पानांची आहे, १४०० रुपये भरा.’ शुल्क कळवल्यापासून भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरले जात नाहीत, त्यामुळे घड्याळ थांबते. पैसे नसणारा तिथेच गळतो. त्यावर उपाय आधी पाहणी करून हवी ती पाने निवडण्याचा. आणि मुदत उलटून गेल्यावर मागणीपत्र आले तर पैसे द्यायचेच नाहीत. उशिरा दिलेली माहिती विनाशुल्क द्यावी, असे कायदाच सांगतो.

‘ही वैयक्तिक माहिती आहे’

आता त्या नोव्हेंबरमधल्या बदलाकडे. कायद्याच्या कलम ८ मध्ये कोणती माहिती नाकारता येते त्याची यादी आहे. तिच्यातली शेवटची नोंद वैयक्तिक माहितीची. आधी ती अटींसह होती. ज्या माहितीचा सार्वजनिक कामकाजाशी काही संबंध नाही, किंवा जी दिल्याने एखाद्याच्या खासगीपणावर विनाकारण आक्रमण होईल, तेवढीच नाकारता येई, आणि तीही व्यापक जनहित असेल तर द्यावी लागे. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती सामान्य माणसालाही नाकारता येणार नाही, असे एक फार देखणे वाक्य त्याला जोडलेले होते. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने हे सगळे काढून टाकले. उरले ते एवढेच : वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती देण्याचे बंधन नाही.

बदल वाईट आहे, असे माझे मत. खासगीपणाचे रक्षण जुन्या शब्दांतही होत होते. नव्या शब्दांनी अधिकाऱ्याचे विचार करण्याचे कष्ट वाचवले. सही कुणाची, बिल कुणाच्या नावाचे, लाभार्थी कोण, प्रत्येक कागदावर कुठल्या तरी माणसाचे नाव असतेच, आणि नाव दिसले की ‘वैयक्तिक’ म्हणून हात झटकता येतात.

तरी दारे सगळी बंद झालेली नाहीत. कलम ८ चेच दुसरे पोटकलम शाबूत आहे : माहिती उघड करण्यातले जनहित हे तिच्यामुळे होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल तर ती देता येते. फरक इतकाच की जनहित कोणते ते आता अर्जदाराने आणि अपिलात त्याच्या वकिलाने पटवून द्यावे लागणार. म्हणजे कारण सांगायची गरज नाही हा जुना सल्ला, नावे असलेल्या माहितीपुरता तरी, बदलावा लागेल. कलम १० सुद्धा तसेच आहे. कागदाचा एखादा भाग देण्याजोगा नसेल तर तेवढा झाकून बाकीचा द्यावा. तेव्हा अर्जातच लिहावे : ‘आधार क्रमांक, बँक खाते व मोबाईल क्रमांक झाकून प्रती द्याव्यात.’ अधिकाऱ्याची निम्मी हरकत तिथेच संपते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत भक्कम. कलम ४ प्रमाणे कार्यालयाने कुणी न मागताच काही माहिती स्वतःहून जाहीर करायची असते, सतरा बाबींची. त्यांत अनुदानाच्या योजनांचे लाभार्थी, दिलेले परवाने आणि सवलती कुणाला मिळाल्या त्याचा तपशील, अधिकाऱ्यांचे मासिक वेतन, हे सगळे आहे. या कलमाला कुणी धक्का लावलेला नाही. घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारली गेली, तर अपिलात पहिला मुद्दा हाच मांडायचा : जी यादी फलकावर लावण्याचे बंधन आहे ती मागितल्यावर गुपित कशी होते?

‘अभिलेख सापडत नाही’

या उत्तरापुढे बहुतेक लोक हात टेकतात. पण ‘सापडत नाही’ हे कारण कलम ८ च्या यादीत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ च्या एका निकालात म्हटले की एकदा कार्यालयाकडे असलेला कागद नंतर मिळत नसेल, तर तो नीट शोधला गेला पाहिजे आणि गरज पडल्यास जबाबदारी ठरवली गेली पाहिजे. आपल्याकडे २००५ चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमही आहे, आणि नोंदी बेकायदा नष्ट करणाऱ्याला त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे.

सरकारी कागदांचे आयुष्य ठरलेले असते. ‘अ’ वर्गातला कागद कायमचा, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ वर्गातले पाच किंवा दहा वर्षे, ‘ड’ एक वर्ष. म्हणून उत्तरादाखल दुसरा अर्ज करावा : ‘सदर नस्ती कोणत्या वर्गात होती, आणि नष्ट केली असल्यास नाश केलेल्या अभिलेखांच्या यादीचे संबंधित पान द्यावे.’ कागद खरोखर रीतसर नष्ट झाला असेल तर ते पान निघते. नसेल तर कधी कधी नस्तीच निघते. पूर, आग, कार्यालयाचे स्थलांतर ही कारणे खरीही असतात. ती कुठे लेखी नोंदवली होती का, तेवढे पाहायचे.

आणि सरकारी कागद एकटा राहत नाही. त्या रस्त्याच्या अंदाजपत्रकाची प्रत पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात असते, देयकाचा माग लेखापरीक्षणात असतो, खरेदीखताची प्रत दुय्यम निबंधकाकडे. एका कपाटात नसलेला कागद दुसऱ्या कपाटात मागावा.

उत्तरच आले नाही तर

तीस दिवसांत उत्तर नाही म्हणजे नकार, असे कायदा धरतो. मग पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील, जोडपत्र ‘ब’मध्ये, २० रुपयांच्या स्टॅम्पसह, त्याच कार्यालयातल्या किंवा त्याच्या वरच्या कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. ग्रामपंचायतीसाठी तो पंचायत समितीत बसतो. त्याचे नाव फलकावर असायला हवे. निर्णय तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत. तिथेही समाधान झाले नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या आपल्या विभागाच्या खंडपीठाकडे दुसरे अपील.

आयोगात प्रकरणे प्रचंड तुंबलेली आहेत, सुनावणी लागायला वर्ष उलटणे नवल नाही. विनाकारण माहिती नाकारणाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड करता येतो, पण तो दंड आयोगच करू शकतो. म्हणून सगळी मेहनत पहिल्या अपिलात ओतावी. सुनावणीला स्वतः जावे, पोच आणि मागितलेल्या कागदांची यादी समोर ठेवावी. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाही. हे एक वाक्य सुनावणीत शांतपणे म्हणता आले तरी बरेच काम होते.

‘हे आरटीआयवाले खंडणीबहाद्दर’

हा आक्षेप खोटा नाही. अर्ज टाकून ठेकेदाराशी तोडपाणी करणारे प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि त्यांच्यामुळे प्रामाणिक ग्रामसेवकही अर्ज दिसला की धास्तावतो. मात्र त्यांचा धंदा चालतो तो कागद दडलेला असतो म्हणून. मोजमाप पुस्तिका आणि देयक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले, तर दाबून ठेवण्याबद्दल पैसे कोण देईल? कलम ४ नीट पाळणाऱ्या कार्यालयाला अर्जही कमी येतात.

धोक्याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. तळेगाव दाभाडे इथे जमिनींचे गैरव्यवहार माहिती अधिकारातून उघड करणारे सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. वाळू, जमीन, मोठे ठेके यांच्या वाटेला जाताना एकट्याने जाऊ नये. एकच अर्ज पाच-सात जणांनी वेगवेगळ्या दिवशी करावा, मिळालेले कागद लगेच चार ठिकाणी ठेवावेत. कागद एकाच माणसाकडे आहेत असे कुणाला वाटता कामा नये.

सोसायटी, शाळा, बिल्डर

शेवटी नेहमी विचारला जाणारा प्रश्न : गृहनिर्माण सोसायटीला हा कायदा लागू आहे का? नाही. सहकार कायद्याखाली नोंदणी झाली एवढ्यावरून संस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळमधल्या सहकारी बँकेच्या प्रकरणात ठरवले. पण सोसायटीवर देखरेख करणारे उपनिबंधक सरकारी अधिकारी आहेत, आणि एखाद्या खासगी संस्थेची जी माहिती त्यांना कायद्याने मागवता येते ती ‘माहिती’च्या व्याख्येत बसते. तेव्हा सोसायटीचा लेखापरीक्षण अहवाल उपनिबंधकांकडे मागा. खासगी शाळेच्या मान्यतेची नस्ती शिक्षणाधिकाऱ्यांकडे मागा. बिल्डरने दाखवलेला नकाशा आणि मंजूर झालेला नकाशा एकच आहे का, ते पाहायला नगरपालिकेच्या नगररचना विभागात जा, आणि मंजूर नकाशाबरोबर भोगवटा प्रमाणपत्राचीही प्रत मागायला विसरू नका. पार्किंग म्हणून मंजूर झालेली जागा दुकान म्हणून विकली गेली असेल, तर ती याच दोन कागदांच्या मध्ये सापडते.